दोन राजपुत्र आणि तडा गेलेला ठसा

‘जुने नाणे दाखवा, लाखो मिळवा’ असले निरोप व्हॉट्सॲपवर सारखे फिरत असतात. त्यात मधूनच एखादे रोमन नाणेही डोकावते. नाणे खरे की खोटे, याचा विचार कुणी करत नाही.

दक्षिण भारतात मुबलक सापडलेले रोमन नाणे म्हणजे ऑगस्टसचा चांदीचा डिनेरियस. वजन चार ग्रॅमला थोडे कमी, चांदी जवळजवळ शुद्ध. एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला गायस आणि ल्युसियस. हे त्याच्या मुलीचे मुलगे, त्याने दत्तक घेतलेले. टोगा घालून उभे, मध्ये ढाली आणि भाले. गादीला वारस आहेत, हे सैनिकाच्या पगारातूनच सगळीकडे पोचत होते. प्रत्यक्षात ल्युसियस इ.स. २ मध्ये वारला आणि गायस इ.स. ४ मध्ये. गादी मिळाली तिबेरियसला.

ही नाणी लुग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लिआँच्या टांकसाळीत पाडली जात. ठशावर आकृती उलटी आणि खोल कोरायची. खालचा ठसा ऐरणीत पक्का, त्यावर चांदीची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. सम्राट खाली, राजपुत्र वर. घाव थेट वरच्यावर बसतो, म्हणून सहसा तोच आधी झिजतो. मग आजोबांचा ठसा तोच ठेवून नातवांचा नवा घ्यायचा.

प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, त्यामुळे तो ओळखता येतो. समजा आजोबांचा ‘क’ हा ठसा नातवांच्या १ आणि २ या दोन्ही ठशांबरोबर दिसला, आणि २ पुढे ‘ख’बरोबरही दिसला. क-१, क-२, ख-२ अशी साखळी लागली. पण ती कुठल्या टोकाकडून वाचायची? इथे तडा कामी येतो. ठशाच्या फटीत चांदी शिरते आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. तडा वाढतो, बुजत नाही. क-१ वर सम्राटाचा गाल साफ आणि क-२ वर केसाएवढी रेघ, तर क-१ आधीचे. नाण्यावर सालाचा आकडा नसला तरी क्रम लागतो. मला यापेक्षा देखणा पुरावा माहीत नाही!

जुने नाणे तांदूळ ओढते म्हणून लाखो रुपयांना गंडवणारे आपल्याकडे आहेत. चांदी तांदूळ ओढत नाही, तांबेही नाही. नकली नाणे ओळखायचे तर कडा बघा. एकाच ठशाच्या दोन खऱ्या नाण्यांवर चित्र सारखे असते, पण चकतीचा आकार, कडेच्या चिरा, वापरातले ओरखडे वेगळे असतात. तेही तंतोतंत जुळले, तर निदान एक तरी नाणे ओतीव आहे, बहुधा दोन्ही.