न्यू मेक्सिकोच्या रस्त्यांचे आकडे: सैतान, सूड आणि साधा हिशेब

२००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या एका रस्त्याच्या पाट्या भराभर चोरीला जाऊ लागल्या. पाट्यांवर आकडा होता ६६६. बायबलात हा आकडा सैतानी श्वापदाचा, म्हणून गॅलप गावाहून नावाहो आदिवासींच्या वस्तीतून शिपरॉककडे जाणारा हा रस्ता 'डेव्हिल्स हायवे' म्हणूनच ओळखला जायचा. अपघात बरेच व्हायचे आणि खापर फुटायचं आकड्यावर. राज्याने नंबर बदलून ४९१ करायचं ठरवलं, तशी आठवण म्हणून पाट्या उचकटून न्यायची चढाओढ लागली.

त्या आकड्यात सैतान कधीच नव्हता. १९२६ साली अमेरिकेभर महामार्गांना नंबर दिले गेले. उत्तर-दक्षिण रस्ते विषम, पूर्व-पश्चिम सम, आणि फाट्याचा नंबर तीन आकडी, त्यातले शेवटचे दोन मूळ रस्त्याचे. शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या प्रसिद्ध 'रूट ६६' चा सहावा फाटा म्हणून ६६६, एवढंच. (आपल्याकडे २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले तेव्हा जवळपास हीच रीत घेतली, फक्त सम-विषम उलटं करून. मुंबई-गोव्याचा १७ गेला आणि तिथेही ६६ च आला. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे घाट चढणारा झाला १६६.)

१९२६ च्या आधीही न्यू मेक्सिकोत राज्याचे स्वतःचे नंबर होते. १ नंबर अर्थातच मानाचा. तो मिळाला रिओ ग्रांदे नदीच्या काठाने जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रस्त्याला. ही वाट स्पॅनिश काळातली. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते हा स्पॅनिश सरदार आपला काफिला घेऊन मेक्सिकोतून वर आला तो याच अंगाने. १९२६ मध्ये त्या रस्त्यावर ८५ ची पाटी बसली आणि पुढे इंटरस्टेट २५ हा नव्या धाटणीचा द्रुतगती महामार्ग आला. गंमत म्हणजे ८५ कागदोपत्री आजही आहे, पण राज्यात त्याची पाटी लावत नाहीत.

सगळ्यात रंगतदार गोष्ट मात्र ६६ ची. सुरुवातीला हा रस्ता सांता रोझाहून सरळ पश्चिमेला आल्बुकर्कीला जातच नव्हता. तो उत्तरेला वळून राजधानी सांता फेला जायचा, मग ला बाहादाचा नागमोडी घाट उतरून खाली यायचा. तो घाट चढताना काही गाड्या उलट्या, रिव्हर्समध्ये न्याव्या लागत. पेट्रोल टाकीतून इंजिनात आपल्या वजनाने उतरायचं, तेव्हा चढावर टाकी वरच्या अंगाला राहिली पाहिजे ना!

१९२६ च्या निवडणुकीत गव्हर्नर आर्थर हॅनेट हरले. पराभवाला सांता फेची पुढारी मंडळी कारणीभूत आहेत असं त्यांच्या मनाने घेतलं. खुर्ची सुटायला जेमतेम काही आठवडे उरलेले. त्यांनी रस्तेखात्याची माणसं भर हिवाळ्यात कामाला लावली आणि सांता रोझा ते मोरिआर्टी असा सुमारे ७० मैलांचा थेट रस्ता काढला, राजधानीला पूर्ण वगळून. नवे गव्हर्नर रिचर्ड डिलन यांनी काम थांबवायला माणूस धाडला, पण खराब हवेमुळे तो पोचेपर्यंत गाड्या धावू लागल्या होत्या असं सांगतात. या रस्त्याला राज्याचा ६ नंबर मिळाला, आणि १९३७ मध्ये ६६ च उचलून त्यावर आणला गेला. राज्यातलं ६६ चं अंतर सुमारे १०० मैलांनी घटलं आणि सांता फे बाजूला पडलं. सुडापोटी काढलेला रस्ताच शेवटी सोयीचा ठरला. आल्बुकर्कीत फोर्थ स्ट्रीट आणि सेंट्रल अॅव्हेन्यूच्या चौकात जुना ६६ आणि नवा ६६ एकमेकांना छेदतात, म्हणजे रस्ता स्वतःलाच आडवा जातो.

इंटरस्टेट ४० तयार झाल्यावर १९८५ मध्ये ६६ नंबर यादीतून निघाला आणि ६६६ पोरका झाला. मूळ रस्ताच नाही तर फाटा कुणाचा? शेजारच्या अॅरिझोनाने १९९२ मध्ये आपल्याकडच्या ६६६ ला १९१ करून टाकलं होतं, म्हणून उरलेल्या भागाला त्याचा फाटा या नात्याने ४९१ मिळालं. लोकांना सैतान नकोसा झाला होता हे खरंच, पण तो आकडा हिशेबातही बसेनासा झाला होता. पुढे रस्ता चौपदरी झाला. माझ्या मते जीव वाचवायचं काम त्या दोन जादा पदरांचं, पाटीचं नव्हे.

राज्याच्या स्वतःच्या रस्त्यांची फेरआकडेमोड १९८८ मध्ये झाली. राज्याच्या पाट्यांवर झिया या आदिवासी वस्तीचं सूर्यचिन्ह असतं, त्यातल्या गोलात लिहिलेले कित्येक आकडे बदलले. तिहेरास गावाच्या दक्षिणेकडचा १४ नंबर तेव्हा ३३७ झाला, तरी तिथले जुने लोक अजून 'साउथ १४' च म्हणतात. आणि मानाचा १ नंबर? त्याचा एक तुकडा सोकोरोच्या खाली शिल्लक आहे. बोस्के देल अपाचे अभयारण्यातून जाणारा दोन पदरांचा शांत रस्ता. हिवाळ्यात तिथे गाड्या थांबतात त्या क्रौंचांचे थवे पाहायला.