बाळाची शी पांढुरकी असेल तर

तान्ह्या बाळाची कावीळ चौदा दिवसांनीही उतरली नसेल, तर त्याला कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नका. आधी लंगोट पाहा. शी पांढुरकी किंवा फिकट मातकट आणि लघवी गडद पिवळी असेल, तर पित्त आतड्यात उतरत नाही असं समजावं. बाळ गुटगुटीत दिसतं, दूध ओढतं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि तेवढ्यात यकृत निबर होत जातं. रक्ततपासणीत नुसतं एकूण बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) पुरत नाही, 'डायरेक्ट' बिलिरुबिनही मोजायला सांगा. ते डेसिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावं.

पित्तनलिका बुजण्याचा हा आजार, बिलिअरी अट्रेझिया, मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचं सर्वांत मोठं कारण आहे. साठ दिवसांच्या आत 'कासाई' शस्त्रक्रिया (जपानी सर्जन कासाई यांच्या नावाची, आतडं थेट यकृताला जोडणारी) झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त. तरीही अनेकांना पुढे प्रत्यारोपण लागतंच.

१९६३ साली डॉ. थॉमस स्टार्झल यांनी याच आजाराच्या मुलावर यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. मूल वाचलं नाही. आज चांगल्या केंद्रांत दहातली नऊ मुलं वर्षानंतर हयात असतात. आईच्या किंवा वडिलांच्या यकृताचा डावा छोटा भाग, साधारण २०० ते ३०० ग्रॅम, बाळाला पुरतो आणि दात्याचं यकृत काही महिन्यांत भरून येतं. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत वडिलांच्या यकृतावर दीड वर्षाचं बाळ वाचलं. अवयवदानाचा १९९४ चा कायदा ज्या राज्यांत सर्वांत आधी लागू झाला, त्यांत गोवा होता.

प्रत्यारोपणात खरी कसोटी रोहिणीची, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या धमनीची. बाळाची यकृताकडे जाणारी रोहिणी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते, ती सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. तिथे गुठळी झाली तर पित्तनलिका सडतात, कधी अख्खं यकृत जातं. म्हणून पहिले काही दिवस रोज डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात. प्रवाह मंदावला की काही तासांत पुन्हा शस्त्रक्रिया.

नंतर शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध, रोज दोनदा, ठरल्या वेळी. त्याची रक्तातली पातळी घसरली तर शरीर यकृत नाकारतं, चढली तर मूत्रपिंडाला इजा. किशोरवयात डोस चुकवणं हे यकृत गमावण्याचं मोठं कारण ठरतं, तेव्हा पंधराव्या वर्षीही गोळी समोर घ्यायला लावावी. चवथीला माटोळीत (गणपतीवर फळं टांगायच्या चौकटीत) बांधलेलं तोरंज, म्हणजे पपनस, त्या मुलाला खायला देऊ नका, त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढते. दुकानातून परस्पर आणलेल्या बुरशीवरच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिकही तेच करतात.