जाड काच थंड करायला महिने का लागतात?

काचेची कलाकृती म्हटले की नळीतून फुंकून केलेली फुलदाणीच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. पण काचेत भरीव शिल्पेही घडतात. ही कला उंचीवर नेण्याचे मोठे श्रेय स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोव्हा या चेक कलावंत दांपत्याला जाते. झेलेझ्नी ब्रोद या काचकामाच्या गावी 1950 च्या दशकात त्यांचे एकत्र काम सुरू झाले. मातीच्या मूळ आकृतीवरून उष्णता सोसणारा साचा करायचा, त्यात काचेचे तुकडे भरायचे आणि भट्टी 800 अंश सेल्सिअसच्या वर नेली की काच वितळून साचा भरून काढते. खरी परीक्षा त्यानंतर, शिल्प थंड करताना असते.

बर्फ ठरावीक तापमानाला वितळतो. काचेला असा नेमका बिंदू नाही. थंड होताना ती दाट होत जाते आणि अखेरीस घट्ट होते. खिडकीच्या साध्या काचेत 550 अंशांच्या आसपास आतले ताण काही मिनिटांत विरतात. त्याहून सुमारे 40 अंश खाली त्यालाच काही तास लागतात आणि आणखी खाली ते जवळजवळ कायमचे अडकतात. समजा, ठोकळा या पट्ट्यातून उतरत असताना गाभा पृष्ठभागापेक्षा 40 अंशांनी अधिक गरम आहे. त्या क्षणी ताण नसतो, कारण काच अजून थोडी सरकून जुळवून घेते. पण पुढे दोन्ही भाग खोलीच्या तापमानाला पोहोचेपर्यंत गाभ्याला 40 अंश अधिक उतरावे लागते, म्हणजे अधिक आकसावे लागते, आणि घट्ट झालेला पृष्ठभाग त्याला तसे करू देत नाही. परिणामी पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणूनच नीट न निववलेली वस्तू कधीकधी कपाटात ठेवल्या ठेवल्या, कोणाचा हात न लागता तडकते. त्याला दृष्ट लागणे किंवा अपशकुन म्हणणे हे केवळ अज्ञान आहे. ते तिच्यात अडकलेल्या ताणाचेच काम असते.

उपाय म्हणजे या पट्ट्यात काच बराच काळ एकाच तापमानाला ठेवणे आणि मग अत्यंत सावकाश उतरवणे. काच उष्णतेची मंद वाहक असल्याने जाडी दुप्पट झाली, तर गाभा आणि पृष्ठभाग यांच्यातील फरक पूर्वीइतकाच राखण्यासाठी थंड करण्याचा वेग एक-चतुर्थांश करावा लागतो. जाडी चौपट झाली, तर एक-षोडशांश.

पालोमार वेधशाळेच्या 200 इंची दुर्बिणीच्या आरशासाठी 2 डिसेंबर 1934 रोजी अमेरिकेतील कॉर्निंग येथे सुमारे 20 टनांची चकती ओतली गेली, तेव्हा तापमानाने फारच कमी प्रसरण पावणारी काच वापरली होती आणि चकतीची पाठ बरगड्यांची करून प्रत्येक भागाची जाडी मर्यादित ठेवली होती. तरीही ती निववायला सुमारे 10 महिने लागले. शिल्पकाराला अशी पळवाट नसते. लिबेन्स्की आणि ब्रिख्तोव्हा यांच्या शिल्पांत एकाच रंगाची काच पातळ जागी उजळ आणि जाड जागी गडद दिसते, कारण प्रकाशाला काचेतून जितके लांब अंतर कापावे लागते तितका तो अधिक शोषला जातो. त्यामुळे ज्या असमान जाडीने रंग खुलतो, तीच तडे जाण्याचा धोका वाढवते आणि भट्टीचे सारे वेळापत्रक शिल्पाच्या सर्वांत जाड भागावरून आखावे लागते.