पट्टी बाजूला ठेवून कापड कापायची पद्धत आली कुठून

क्विल्टिंग म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखं पांघरूण शिवणं, आणि त्याच्या इम्प्रोव्ह, म्हणजे आधी न आखता सुचेल तसं करायच्या वर्कशॉपमध्ये बहुतेक ठिकाणी सुरुवात एकाच सूचनेने होते, फुटपट्टी आणि ग्राफ पेपर बॅगेत टाका, कात्री घ्या आणि नजरेने कापत सुटा. हे ऐकून आपल्याकडची कुणीही म्हणेल की यात शिकायचं काय, आमची आजी गोधडी अशीच तर शिवायची. अर्धं खरं आहे ते. पण ह्या प्रकाराला फी, सर्टिफिकेट आणि म्युझियमची भिंत कशी मिळाली ती भानगड वेगळी आहे आणि तिची एक टोकाची गाठ भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावर बसते.

सतराव्या शतकात डच आणि इंग्रज कंपन्यांनी तिकडची हाताने रंगवलेली छिटं, म्हणजे फुलापानांची सुती कापडं, युरोपात नेली आणि लोक वेडेच झाले, इतके की तिथल्या विणकरांचा धंदा बसायला लागला. फ्रान्सने 1686 मध्ये बंदी घातली, इंग्लंडने 1701 पासून आयात रोखली आणि 1721 च्या कायद्याने तर वापरण्यावरही टाच आणली. बंदी उठली तरी चांगली छीट महागच होती, मग बायकांनी काय केलं तर एकेक फूल, पक्षी, वेल कडेकडेने कापून काढली आणि साध्या पांढऱ्या सुती कापडावर मोकळी मोकळी मांडून शिवली, म्हणजे वितभर छिटीत अख्खी चादर भरते. ह्याला पुढे ब्रोदरी पर्स (फ्रेंचमध्ये पर्शियन भरतकाम) म्हणायला लागले. आज फॅब्रिक कोलाजच्या क्लासमध्ये प्रिंटमधलं फूल कापून चिकट जाळीने इस्त्री मारून बसवतात ना, ते हेच, फक्त सुईच्या जागी इस्त्री आली.

मधे क्रेझी क्विल्टची लाट येऊन गेली. 1876 मध्ये फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं, तिथल्या जपानी दालनातली वेडीवाकडी, एकसारखी नसलेली रचना लोकांना आवडली आणि 1880 च्या दशकात अमेरिकेत घरोघरी रेशीम-मखमलीचे वाकडे तुकडे जोडून वर भरतकाम सुरू झालं. गंमत म्हणजे थोड्याच दिवसात रेशमाच्या चिंध्यांची पाकिटं पोस्टाने विकत मिळायला लागली, म्हणजे उरलेल्या कापडाचं काम करायला नवं कापड विकत!

पण आजच्या इम्प्रोव्ह वर्कशॉपचं खरं माहेर अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं जीज बेंड. अलाबामा नदीच्या मोठ्या वळणात अडकलेली वस्ती, तीन बाजूंना पाणी. 1816 मध्ये जोसेफ जी नावाच्या माणसाने तिथे कापसाचा मळा टाकला, 1845 मध्ये तो मार्क पेटवे कडे गेला, आणि त्याच्या गुलामांचे वंशज अजूनही पेटवे आडनाव लावतात. गुलामी गेली पण हाल गेले नाहीत, 1932 मध्ये एक व्यापारी वारला तर त्याच्या घरच्यांनी उधारीपोटी लोकांची जनावरं, अवजारं, घरातलं धान्य सुद्धा उचलून नेलं. अशा घरात थंडीसाठी जे शिवलं जायचं ते कामाच्या कपड्यांचं, डेनिमच्या पँटी, शर्टांच्या पाठी, पिठाच्या गोण्या. ह्या क्विल्ट्स जवळून बघितल्या तर गुडघ्यावर विटलेला फिकट गोल दिसतो, आणि जिथला खिसा उसवून काढलाय तिथे मूळचा गडद निळा चौकोन तसाच. कुणीही डिझायनर मुद्दाम करायला गेला तर जमणार नाही अशी ती छटा. मिझुरी पेटवे ह्यांनी 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची क्विल्ट केली, ती अंगावर घेऊन झोपायची म्हणून.

नियम नव्हते असं मात्र नाही हां. हाउसटॉप नावाचा प्रकार असतो, मधे एक तुकडा आणि त्याच्या चार बाजूंनी पट्ट्या लावत बाहेर बाहेर जायचं, सगळ्यांना तो येतो. मोकळीक कुठे तर पट्टीची रुंदी, पट्टी संपली की दुसरी कुठली जोडायची, कोपरा तिरका गेला तर जाऊ द्यायचा का. आलापात राग तोच असतो आणि तरी दोन गवयांचा आलाप सारखा होत नाही, तसंच हे.

1962 मध्ये नदीवरची फेरीबोट बंद केली गेली, कारण इथले काळे लोक पलीकडे कॅमडेनला जाऊन मतदार यादीत नाव घालायला बघत होते. फेरी परत सुरू झाली ती थेट 2006 मध्ये! काळ्या लोकांच्या त्याच नागरी हक्कांच्या चळवळीतून 1966 मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी ही बायकांची सहकारी संस्था निघाली आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या. आता दुकानाला सगळे नग सारखे लागतात, माप तेच, पॅटर्न तोच, म्हणजे जे ह्यांचं वैशिष्ट्य तेच तिथे चालेना. 1972 मध्ये सीअर्स ह्या मोठ्या अमेरिकन दुकानसाखळीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं कंत्राट मिळालं. अभ्रे सगळे एका साच्यातले, पण कापून उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या बायका घरी न्यायच्या आणि त्या काळच्या फॅशनमधल्या हिरव्या, सोनेरी, तपकिरी रंगांतून जे काही शिवायच्या ते आज म्युझियममध्ये आहे, अभ्र्यांना कोण विचारतंय.

म्युझियमचा रस्ताही सरळ नव्हता. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने क्विल्ट्स पेंटिंगसारख्या भिंतीवर टांगल्या, गाजल्या पण खूप, फक्त बहुतेकांवर करणारीचं नावच नाही. इम्प्रोव्हायझेशन हा शब्द ठळकपणे आला 1987 च्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या प्रदर्शनातून, एली लिऑन ह्या संग्राहकाने आफ्रिकन अमेरिकन बायकांच्या क्विल्ट्सचं भरवलेलं. त्याने आणि इतरांनी ह्याचा धागा पश्चिम आफ्रिकेतल्या पट्टीच्या विणकामाशी जोडला, त्यावर वादही झाले, कारण कडक मापात शिवणाऱ्या काळ्या बायकाही भरपूर होत्या आणि त्यांना ह्या व्याख्येत जागाच राहिली नाही. वाद घालणाऱ्यांचं मला जास्त पटतं. मग 2002 मध्ये ह्यूस्टन आणि व्हिटनीला जीज बेंडचं प्रदर्शन झालं, 2006 मध्ये ह्या क्विल्ट्सची पोस्टाची तिकिटं निघाली, आणि पाठोपाठ पैशाचा प्रश्न, 2007 मध्ये काही जणींनी डिझाइनच्या हक्कांवरून कोर्टात केस टाकली, ती पुढच्या वर्षी मिटली. 2021 पासून तिथल्या बायका स्वतःच ऑनलाइन विकतात, वर्कशॉपही घेतात.

दुसरीकडे ओहायोत नॅन्सी क्रो वगैरे आर्ट स्कूलमधून आलेल्या मंडळींनी मुक्तहस्त कापणं शिकवायला घेतलं. 1979 मध्ये तिकडे क्विल्ट नॅशनल हे प्रदर्शन सुरू झालं आणि त्याच वर्षी जपानच्या ओल्फा कंपनीचा फिरत्या पात्याचा कटर बाजारात आला, ज्याने एका झटक्यात लांब वळणदार काप घेता येतो. आज वर्कशॉपच्या सामानाच्या यादीत तोच असतो.

आणि आपल्या शेजारची, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी ही गोधडी राहिलीच. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले बरेच आफ्रिकन लोक पळून घाटावर गेले, त्यांचे वंशज सिद्दी आज उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात आहेत (जंजिऱ्याचे सिद्दी वेगळे, ते सत्ताधारी होते). त्यांच्या बायका जुन्या साडीवर कोपऱ्यापासून तुकडे लावायला घेतात, तुकड्याची कड बोटाने दुमडत दुमडत धावदोरा घालत कडेकडेने आत येतात, आणि चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची तिकोनी फुलं बसल्याशिवाय कवंदी पुरी मानत नाहीत. हाउसटॉप आतून बाहेर जातो आणि ही बाहेरून आत येते, त्यामुळे मधल्या जागेत काय बसणार हे हातात उरलेला तुकडाच ठरवतो. आता अमेरिकेतही कवंदीचे क्लास होतात.