फिल्टरची धार मंदावली? नवा पंप घेण्याआधी हे तपासा

माशांच्या टाकीला कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, पाइपांनी जोडलेला बंद डब्याचा फिल्टर) वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

धार कमी झाली की पहिला संशय पंपावर जातो. बहुतेक वेळा पंप चांगला असतो, पाण्याच्या वाटेत कुठेतरी घाण अडकलेली असते. ती शोधून काढणं तासाभराचं काम आहे आणि ते घरच्या घरी जमतं.

आधी मोजा

नुसत्या नजरेनं धारेचा अंदाज चुकतो. स्प्रे बार (टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपच्या टोकाची भोकाभोकांची नळी) काढा. त्या परतीच्या पाइपचं तोंड टाकीच्या काठाशी, पाण्याच्या पातळीइतक्या उंचीवर धरा आणि दोन लिटरचं मापाचं भांडं भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ७२०० ला त्या सेकंदांनी भागा, की तासाला किती लिटर पाणी फिरतंय ते कळेल. १५ सेकंद लागले तर ४८० लिटर, २५ लागले तर २८८. पाइप खाली जमिनीवरच्या बादलीत सोडून मोजू नका. पाणी उतारानं आपोआप ओढलं जातं आणि आकडा फुगतो.

आता टाकीचा हिशोब. ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे साडेचार घनफूट, म्हणजे १२७ लिटर. वरची रिकामी जागा आणि तळातली वाळू वजा करता ११० लिटर धरा. वेगवेगळ्या जातींचे मासे असलेल्या साध्या टाकीत तासाला याच्या चार ते पाच पट पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे ४४० ते ५५० लिटर. गोल्डफिश असतील तर जास्त लागेल, कारण ते घाण फार करतात. फायटर (बेटा) माशाला मात्र जोरदार धार सोसत नाही.

खोक्यावरचा आकडा बहुधा मीडिया (पाणी गाळणारे स्पंज, वूल, सिरॅमिक रिंगा) न भरलेल्या पंपाचा असतो. भरलेल्या फिल्टरमधून त्याच्या निम्मं ते दोन तृतीयांश पाणी आलं तर काळजीचं कारण नाही. फिल्टर स्वच्छ असताना मोजलेला आकडा मार्करनं डब्यावर लिहून ठेवा. पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची.

हळूहळू कमी झाली की अचानक?

अचानक कमी झाली तर हवा अडकली आहे, पाइप दुमडला आहे किंवा इम्पेलरमध्ये (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्यांमध्ये) काहीतरी गुंतलं आहे. कॅबिनेटमागे पाइप दाबला गेलाय का ते हात फिरवून बघा. कॉक पूर्ण उघडे आहेत ना? उन्हाळ्यात पाणी उडून पातळी इतकी उतरते की आत ओढणाऱ्या पाइपची जाळी उघडी पडते आणि हवा खेचली जाते. डब्यातून खळखळ आवाज येत असेल तर फिल्टर चालू ठेवून डबा हलकेच तिरपा करा, बुडबुडे परतीच्या पाइपनं निघून जातील. ते पुन:पुन्हा येत असतील तर झाकणाची ओ-रिंग (गोल रबरी कडं) तपासा. तिला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्यानं रबर फुगतं.

आठवड्यांमागून आठवडे धार उतरत गेली असेल तर कारण चोंदलेपणाचं. आता प्लग काढा आणि मगच टाकीत हात घाला. जाळीवरची पानं, शेवाळ काढा. स्प्रे बारची भोकं टूथपिकनं मोकळी करा. पाइपही विसरू नका. आतून तपकिरी बुळबुळीत थर चढून १२ मिलिमीटरची वाट बरीच अरुंद होते. लांब लवचिक ब्रश दोन्ही टोकांकडून फिरवा.

मीडिया की पंप?

सगळा मीडिया बादलीत टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवा आणि डबा नुसता पाण्यानं भरून फिल्टर चालवा. धार एकदम वाढली तर दोष मीडियात. त्यातही कापसासारखा पांढरा फिल्टर वूल हा नेहमीचा गुन्हेगार. तो धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा फेकून नवा घाला, आणि दाबून भरू नका. पाणी आधी जाड स्पंजातून, मग बारीक स्पंजातून, मग वूलमधून जावं. क्रम उलटा झाला तर वूल काही दिवसांतच तुंबतो.

स्पंज आणि सिरॅमिक रिंगा नळाखाली कधीही धुऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांच्यावर वाढलेले जिवाणू मारतं. माशांच्या मलमूत्रातून होणारा अमोनिया हेच जिवाणू संपवतात. ते गेले तर पाणी स्वच्छ दिसत असूनही मासे दगावतात. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात रिंगा खळबळून घ्या, एवढं पुरे. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी धुऊ नका, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

मीडिया काढलेल्या, नुसत्या पाण्यानं भरलेल्या डब्यातही धार मंदच असेल तर प्लग काढून इम्पेलर बाहेर काढा. चुंबकामुळे तो जरा अडतो, सरळ वर ओढा. चुंबकावर राखाडी चिकट साय, पात्यांभोवती केस, कधी इम्पेलर बसतो त्या खळग्यात बसलेली मोहरीएवढी गोगलगाय दिसेल. टूथब्रशनं पुसा. खळगाही कापसाच्या काडीनं स्वच्छ करा, लोक नेमका तोच विसरतात. बोअरचं पाणी असेल तर पांढरा कडक थर बसतो. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास बुडवा, मग नीट धुवा. सिरॅमिक दांडी तुटली असेल किंवा टोकाची रबरी टोपी हरवली असेल तर पंप खडखडतो. तेवढाच भाग बदलून मिळतो.

विजेबद्दल

व्होल्टेज कमी म्हणून धार कमी, हा समज चुकीचा आहे. साध्या एसी पंपाचा वेग ५० हर्ट्झवर ठरतो. व्होल्टेज फारच उतरलं तर पंप फिरतच नाही, नुसता थरथरतो. अमेरिकेहून आणलेला ११० व्होल्टचा पंप मात्र इथे थेट लावू नका, जळेल.

लाइट चार-पाच तासांहून जास्त वेळ गेली असेल तर फिल्टर तसाच चालू होऊ देऊ नका. बंद डब्यातला प्राणवायू संपून पाणी कुजतं आणि लाइट येताच ते माशांवर जातं. आधी प्लग काढा, डब्यातलं पाणी ओता, मीडिया टाकीच्या पाण्यात खळबळा, मग सुरू करा.

एवढं करूनही धार डब्यावर लिहिलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशावर येत नसेल तर दुकानात या. येताना मोजलेले सेकंद, फिल्टरचं मॉडेल आणि इम्पेलर दांडीसकट आणा. दांडी कापडात गुंडाळा, ती काचेसारखी तुटते.