टँगो की मिलोंगा? बांदोनेऑनच्या मैफलीतला ताल नेमका कुठला

बांदोनेऑन (अकॉर्डियनसारखं भात्याचं वाद्य) आणि व्हायोलिन-पियानोचं एखादं रेकॉर्डिंग लावलं की ऐकणारा पहिल्याच मिनिटात म्हणतो, हा तर टँगो. बऱ्याचदा आत चालू असतो मिलोंगाचा, म्हणजे टँगोच्याच जवळच्या दुसऱ्या एका नाच-संगीत प्रकाराचा ताल. चूक होणं साहजिक आहे, दोन्ही दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाता नदीच्या काठचे, ब्वेनोस आयरेस आणि माँतेविदेओत एकत्रच वाढलेले, वाद्यं तीच, वाजवणारे तेच, आणि त्यात भर म्हणजे लोक टँगो नाचायला जिथे जमतात त्या कार्यक्रमालाही मिलोंगाच म्हणतात, म्हणजे माणूस मिलोंगाला जातो आणि रात्रभर बहुतेक वेळ टँगो नाचतो, मधेमधे मिलोंगा.

हातावर मोजा म्हणजे लगेच कळेल. आठ बारीक मात्रा धरा. नाचायच्या टँगोत ठोका १, ३, ५, ७ वर, चारही सारखे, पावलं टाकत चालल्यासारखे. हुआन दारिएन्सोचा ऑर्केस्ट्रा ऐका, तिथे हे अगदी ठसठशीत आहे. जुन्या मिलोंगात ठोके १, ४, ५, ७ वर, हाच हाबानेरा नावाचा, क्युबातून आलेला ताल (सुरुवातीच्या टँगोतही हाच होता, चार सारखे ठोके नंतर आले). आता त्यातला ५ वरचा ठोका काढून टाका. उरले १, ४, ७, म्हणजे ३-३-२. आपल्या केरव्यातही मात्रा आठच, पण तो मधोमध चार-चार असा मोडतो. इथे मधोमध काहीच पडत नाही, त्यामुळे शेवटच्या दोन मात्रा आल्या की पुढच्या समेवर कोणीतरी ढकलल्यासारखं वाटतं.

लयीवरून ओळखायला जाल तर फसाल. शहरी मिलोंगा टँगोपेक्षा जलद आणि खेळकर असते हे खरं, पण गावाकडची, पाम्पासच्या गवताळ मुलखातली गिटारवरची मिलोंगा संथ असते. अर्जेंटिनाचा संगीतकार आणि बांदोनेऑनवादक आस्तोर पियाझोला याची 'मिलोंगा देल आंखेल' इतकी हळू आहे की संथ आणि उदास म्हणजे टँगो असं धरून बसलेला माणूस तिथे हमखास चुकतो.

हा ३-३-२ मैफलीच्या संगीतात पुढे आणला तो पियाझोलानेच. रात्री अनिबाल त्रोइलोच्या ऑर्केस्ट्रात बांदोनेऑन वाजवायचा, १९४१ पासून संगीतकार अल्बेर्तो हिनास्तेराकडे रचना शिकला, १९५४ मधे पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बूलांजेकडे गेला तेव्हा आपण टँगोवाले आहोत हे लपवत होता, आणि तिनेच त्याला सांगितलं की खरा तू टँगोतच आहेस. १९६० मधे त्याने पाच जणांचा संच केला: बांदोनेऑन, व्हायोलिन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार, डबल बास. ड्रम नाहीत. मला वाटतं मिलोंगाचा ताल इथेच कामी आला, कारण चार सारखे ठोके वाजवायचे तर सगळ्यांना एकाच पावलावर यावं लागतं आणि उरलेले नुसती साथ करणारे होतात, ३-३-२ मात्र एकट्या बासने आणि पियानोच्या डाव्या हाताने धरला तरी उभा राहतो, वर व्हायोलिन आपलं मोकळं.

बांदोनेऑनही त्याला साजेसा. अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला सहसा तयार कॉर्डची बटणं असतात, इथे नाहीत, एकेक सूर शोधून वाजवावा लागतो, शिवाय बहुतेक बटणं भाता उघडताना एक सूर देतात आणि मिटताना दुसरा. शिकायला भयंकर अवघड! पण त्यामुळे दोन्ही हात दोन वेगळ्या ओळी वाजवू शकतात, आणि गुडघ्यावर भाता झटकन उघडला की जो जोरकस आघात येतो तो थेट त्या १, ४, ७ वर बसतो.

पियाझोलाच्या १९६८ च्या 'मारिया दे ब्वेनोस आयरेस' या टँगो-ऑपेरामधला 'फुगा इ मिस्तेरियो' लावून बघा. एकच धून, एकेक वाद्य मागून येऊन ती उचलतं, बाखसारखी रचना, आणि आत हाच ताल. पाचवी मात्रा मोजत राहा, तिथे जोर पडत नाही.