ओपॉसम कोंबड्यांवरच जगतो का?

मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंत खेडोपाडी ओपॉसम म्हणजे कोंबडीचोर, हा समज पक्का आहे. त्यापायी हा पिशवीवाला निशाचर प्राणी दिसेल तिथे मारला जातो. खुराडं उघडं मिळालं तर तो अंडी, पिल्लं पळवतो, हे खरं. पण पोट भरतं ते मुख्यतः किडे, गांडुळं, गोगलगायी, बेडूक आणि फळांवर. सेक्रोपिया या झाडाच्या बारीक बिया त्याच्या विष्ठेतून शाबूत पडून रुजतात. फेर-दे-लान्ससारख्या सापाचं जहाल विषही त्याला फारसं बाधत नाही.

मारण्यापेक्षा खुराडं सुधारा. दिवस मावळण्याआधी दार लावा, गळालेली फळं व खरकटं उचला. तो सराईत चढतो, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी छतालाही हवी. पातळ षटकोनी जाळी कोंबड्या आत ठेवते, त्याला बाहेर नाही.